पट्टा राहू द्या, आधी पायाची रेघ बघा

सोलापुरातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, वय तेरा, उजव्या हाताने पिचिंग करते, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकते. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात हे तिचं दुसरं वर्ष. चेंडूला वेग चांगला आहे, पण तो एकतर कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारीच्या, डोक्यावरून जातो, नाहीतर उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरच्या अंगावर. मागच्या सामन्यात तिने सलग चार वॉक दिले (भरकटलेल्या चेंडूंमुळे चार बॅटरना फुकटचा बेस) आणि सरांनी तिला बदललं. पोरगी घरी येऊन जेवली नाही. वडिलांनी मोबाइलवर एक साधन पाहिलंय. दंडाला आणि कमरेला बांधायचा रबरी पट्टा, ‘हात आपोआप योग्य फिरतो’ अशी जाहिरात, किंमत साडेचार हजार. स्वतः ते यंत्रमागावर आहेत, पाळी सुटल्यावर तासभर मुलीला देऊ शकतात. विचारतात, मॅडम, हा पट्टा घेऊ का?

दादा, नका घेऊ. तेवढ्या पैशात तिच्या मापाचा ग्लोव्ह आणि सरावाचे चेंडू घ्या.

मी हे ऐकीव सांगत नाही. असाच एक पट्टा मी दहाएक वर्षांपूर्वी हौसेने मागवला होता. दोन मुलींना लावला. पट्टा असेपर्यंत हात मस्त फिरायचा, बघणारे खूश. पट्टा काढला की तिसऱ्या-चौथ्या चेंडूला गाडी मूळ पदावर. होणारच होतं ते, कारण हाताला जागेवर आणायचं काम पट्टा करत होता, मुलगी काही करतच नव्हती. शेवटी एप्रिलमध्ये तो पट्टा पत्र्याच्या खोलीत राहून गेला. मे महिन्यात काढायला गेले तर रबर चिकट होऊन पिशवीला बसलेलं. आपल्याकडचा उन्हाळा त्या कारखानदाराने पाहिलेला नसावा.

तेव्हापासून कोणतंही साधन बघताना मी एकच गोष्ट विचारते: चेंडू सुटल्या क्षणी पोरीला तिची चूक तिची तिला कळते का? कळत असेल तर ते साधन, मग ते दोऱ्याचं का असेना. चूक झाकत असेल तर ते खेळणं.

साधनांकडे वळण्याआधी पिचिंगमध्ये घडतं काय ते थोडक्यात सांगते. मंगळवेढ्याकडची एक मुलगी माझ्याकडे होती, ज्वारीच्या रानात गोफण फिरवून पाखरं हाकललेली. विंडमिल पिचिंग, म्हणजे हात पवनचक्कीसारखा गोल फिरवून खालून चेंडू टाकणं, तिला समजवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. गोफण फिरवताना जोर सगळ्या अंगाचा असतो आणि दोरीचं टोक सोडायचा क्षण एकच असतो. जरा आधी सोडली तर दगड पायाशी, जरा उशिरा सोडली तर आभाळात. पिचरचंही तसंच आहे. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, खाली येताना कोपर आधी येतं, मनगट मागून. दंडाचा आतला भाग बरगडीला आणि हाताचा पुढचा भाग कमरेला घासून जातो. तिथे दंड थबकतो आणि पुढचा हात चाबकासारखा सुटतो. चेंडू सुटायची जागा कमरेपाशी, मांडीच्या वरच्या अंगाला.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. चेंडू वर जातो म्हणजे तो कमर ओलांडून गेल्यावर सुटतोय. उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगावर जातो म्हणजे पिचरच्या उजवीकडे जातोय. याचा अर्थ खाली येताना हात पाठीच्या मागून फिरतोय आणि तिथून तिरका बाहेर निघतोय. दोन्ही तक्रारी हाताच्या वाटतात, म्हणून तुमची नजर हाताच्या पट्ट्याकडे गेली. पण अशा दहा मुली माझ्यासमोर उभ्या केल्या तर सात-आठ जणींची चूक मला पायात सापडते. डावा पाय सरळ कॅचरकडे न पडता उजवीकडे आडवा पडतो. मग स्वतःचीच कमर हाताच्या वाटेत येते. हाताला कमरेला वळसा घालून जावं लागतं. वळशात वेळ जातो, म्हणून चेंडू उशिरा सुटतो, म्हणून वर. वळसा बाहेर संपतो, म्हणून अंगावर. एका पायाने दोन तक्रारी केल्या.

तर पहिलं साधन फक्की. मैदान आखायची पांढरी फक्की, शाळेत क्रीडाशिक्षकांकडे पोत्याने असते, डबाभर मागून घ्या. पिचिंग प्लेटच्या (पिचर जिथून चेंडू टाकते ती पट्टी) मध्यापासून होम प्लेटच्या (बॅटर जिच्याशेजारी उभी राहते) मध्यापर्यंत एक रेघ ओढा. घरी प्लेट नसेल तर २४ इंच लांब, ६ इंच रुंद लाकडी फळी चालेल, तेच प्लेटचं माप आहे. जमीन मऊ मुरमाची हवी, सिमेंटवर यातलं काही दिसणार नाही. झाडूने जागा साफ करा, तिला एक चेंडू टाकायला सांगा आणि मग चेंडू कुठे गेला ते बघूच नका. खाली वाका आणि पायाच्या खुणा बघा.

डाव्या पायाचा ठसा रेघेवर किंवा रेघेला लागून हवा. बोटं सरळ कॅचरकडे नकोत आणि पूर्ण तिसऱ्या बेसकडेही, म्हणजे तिच्या उजवीकडेही, नकोत, मधोमध तिरकी, साधारण ४५ अंशात. बोटं कॅचरकडे असतील तर कमर लवकर बंद होते, म्हणजे कॅचरकडे वळते. पूर्ण आडवी असतील तर कमर बंदच होत नाही. ठसा रेघेच्या उजवीकडे चार बोटं गेला असेल तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. तसाही पाय प्लेटच्या २४ इंच लांबीच्या बाहेर पडला तर नियमाने ती इल्लीगल पिच, म्हणजे नियमबाह्य चेंडू, ठरते.

मग उजवा पाय. हा पाय प्लेटला रेटा देतो आणि अंगठ्यावर घासत पुढे येतो. त्याची जमिनीवर रेघ उमटते, आणि मला विचाराल तर पिचरची सगळी कुंडली त्या रेघेत असते. रेघ बारीक, फक्कीला साधारण समांतर आणि शेवटपर्यंत अखंड असेल तर अंगाचं वजन सरळ पुढे गेलं. रेघ विळ्यासारखी वळली असेल तर वजन बाजूला गेलं आणि पाय तोल सावरायला फिरला. रेघ खोल, रुंद आणि आखूड असेल तर पाय ओढला जात होता, वजन मागेच राहिलं. अशा वेळी खांदे मागे कलतात आणि चेंडू वर जातो. आणि प्लेटपासून फूटभर पुढे जमिनीत दुसरा खड्डा दिसला तर तिने तिथे पाय पुन्हा रोवून नवा रेटा घेतलाय. याला क्रो हॉप म्हणतात आणि ते नियमबाह्य आहे. शाळेच्या स्पर्धेत एखादा पंच सोडून देईल, विभागीय स्पर्धेत सोडणार नाहीत.

ठासून सांगते, पहिला आठवडा एवढंच करा. चेंडू टाकायचा, वाकायचं, खुणा बघायच्या, पायाने पुसायच्या, पुन्हा. तिने स्वतः वाकून बघायचं. तुम्ही सांगायचं नाही. माझ्या मैदानावर मी मुलींना विचारते, “काय लिहिलंय खाली?” आठ-दहा दिवसांत पोरी स्वतःच सांगायला लागतात, “मॅडम, विळा आला.” पाऊल किती लांब पडावं, याचाही अंदाज इथेच येतो. या वयात उंचीच्या आठ-नऊ दशांश पाऊल पुरे. टीव्हीवरच्या खेळाडूंसारखी लांब झेप तिला आज मारायला लावू नका, मांड्यांत तेवढं बळ आलेलं नसतं, आणि पाय लांब पडून अंग मागे राहिलं की पुन्हा चेंडू आभाळात.

दुसरं साधन दोऱ्याची चौकट, आणि इथे तुम्ही माझ्यापेक्षा श्रीमंत आहात. मागावरचं चादरीचं रंगीत सूत घ्या, लाल नाहीतर गडद हिरवं, सात-आठ पदरी करून पीळ द्या. दोन बांबू रोवा. होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटर, तेवढ्या अंतराने दोन उभे दोरे. आडवे दोन दोरे: खालचा बॅटरच्या गुडघ्याच्या वर, वरचा काखेशी. तिच्या वयाच्या, पाच फुटांच्या आत-बाहेरच्या मुलींसाठी जमिनीपासून साधारण ४५ आणि ११० सेंटीमीटर धरा. मधोमध एक आडवा दोरा अजून बांधा. झाली स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिच्यातून गेला की स्ट्राइक (पिचरच्या बाजूचा चेंडू) धरतात ती चौकट.

चौकटीच्या हातभर मागे जुनी चादर दुहेरी करून वरून टांगा, खालून मोकळी सोडा. ताणून बांधली तर चेंडू उलटा येतो, मोकळी असली की चादर जोर पिऊन टाकते आणि चेंडू जागेवर गळतो. बारक्या भावाला चेंडू आणायला पळावं लागत नाही, चेंडूचं कातडंही मुरमावर घासत नाही. टॉवेलने हे जमत नाही, आम्ही करून पाहिलंय, चौथ्या चेंडूला टॉवेल उडून शेजारच्या गच्चीवर.

दोऱ्याची गंमत अशी की तो खोटं बोलत नाही आणि रागावतही नाही. चेंडू दोऱ्याला लागला की दोरा थरथरतो, कोणता थरथरला ते पोरीला दिसतं. भिंतीवर खडूने चौकोन काढला तर चेंडू आदळून परत आला एवढंच कळतं. सुरुवातीला मोजदाद ठेवू नका. पुढे दहांत किती आत गेले ते तिचं तिला लिहू द्या, कॅलेंडरच्या मागच्या पानावर.

आता अंतराचं. आंतरराष्ट्रीय सामन्यात महिलांचं पिचिंगचं अंतर ४३ फूट, पुरुषांचं ४६. घरी यातलं काही लावू नका. २० फुटांवरून सुरू करा. दहांत सात आत जायला लागले की पाच फूट मागे. मागे गेल्यावर बिघडलं की पुन्हा पुढे या, त्यात लाज काय?

इथे तुमच्या मुलीच्या सरांशी माझा थोडा मतभेद होईल, कारण ‘हळू टाक, पण स्ट्राइक टाक’ असं सगळेच सांगतात. मी नाही सांगत. हळू टाकलेला चेंडू ही वेगळीच हालचाल असते. हात वेगळा फिरतो, पाय वेगळा पडतो, सुटायचा क्षण वेगळा. हळू टाकून बसवलेली अचूकता वेग वाढवला की निघून जाते. तिला देवाने वेग दिलाय, तो तसाच राहू द्या आणि अंतर कमी करा. तेरा वर्षांच्या पोरीला अंतर वाढवणं सोपं जातं. एकदा भीतीने आखडलेला हात पुन्हा सैल करणं मात्र फार अवघड.

तिसरं साधन काळी इन्सुलेशन टेप. विजेच्या दुकानात दहा-वीस रुपयांची. चेंडूभोवती टेपची एक गोल पट्टी चिकटवा, बरोबर मधोमध. चेंडू धरताना मधलं बोट त्या पट्टीवर. चेंडूचा घेर १२ इंच, या वयाच्या मुलीचा तळवा लहान, म्हणून ती चेंडू तळव्यात खुपसून धरत असेल. तसं नको. बोटांच्या पेरांवर धरायचा, तळवा आणि चेंडू यांच्यात उजेड दिसला पाहिजे. चेंडू बोटांवरून नीट सुटला तर हवेत एक स्थिर काळी रेघ दिसते, जरा तिरकी असली तरी चालेल. ढकलला गेला तर पट्टी डगमगते, चेंडू भोवऱ्यासारखा डुलतो. तुम्ही कॅचरच्या जागी, चादरीच्या बाजूला उभे राहा आणि फक्त ‘रेघ’ किंवा ‘डुलतोय’ एवढंच म्हणा.

या टेपने माझीच एक जुनी चूक मला दाखवली. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं, चेंडू सुटल्यावर मनगट वर झटकायचं आणि कोपर कानाशी न्यायचं. मीही पंधरा वर्षं तेच घोकून घेतलं. मुली छान ‘कोपर कानाशी’ करायच्या आणि पट्टी डुलायची. मग मोबाइलवर चांगल्या पिचरचे संथ व्हिडिओ बघितले. त्यांच्यापैकी कोणी मुद्दाम कोपर वर नेतच नाही. चेंडू सुटताना पुढचा हात आतल्या बाजूला वळतो, तळवा फिरतो, आणि हात कुठे थांबायचा तिथे अंगासमोर आपोआप थांबतो. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत तो पट्टा नेमका कोपर कानाकडे खेचताना दाखवलाय. म्हणजे साडेचार हजार देऊन माझी जुनी चूक विकत घ्यायची!

हात पाठीमागे जातो, त्यावर उपाय वाळत घातलेल्या कपड्यांचा. दोरीवर चादर लांब सोडून टाका. तिला चादरीकडे पाठ करून, चादरीपासून वीतभर पुढे उभी करा, डावा खांदा चौकटीकडे, तोंड तिसऱ्या बेसकडे. चेंडूशिवाय हात फिरवायचा. पाठीमागे गेला तर बोटं चादरीला लागतात. रोज वीस फेऱ्या पुष्कळ.

जुन्या लांब मोज्यात चेंडू घालून गाठ मारायची आणि मोज्याचं टोक धरून मनगटाचा सराव करायचा, हाही एक प्रकार आहे. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर पाळणे लागले की आमच्या मुली घरात हेच करतात. बरा आहे, फार नाही.

मोबाइल मात्र खरंच उपयोगाचा. संथ गतीचं रेकॉर्डिंग बहुतेक फोनमध्ये असतं. फोन तिसऱ्या बेसच्या बाजूला, तिच्या कमरेच्या उंचीवर, विटांच्या आधाराने ठेवा. हातात धरून काढू नका, हलतो. बघायचं एकच: डावा पाय टेकला त्या क्षणी चेंडू कुठे आहे. पाय टेकतो तेव्हा हात अजून मागच्या बाजूला, खांद्याच्या आसपासच्या उंचीवर असला पाहिजे. पाय टेकला आणि हात आधीच कमरेपाशी पोचला असेल तर पायाचा जोर वाया गेला. आठवड्यातून एकदा, पाच चेंडू. रोज व्हिडिओ काढायला लागलात तर ती चेंडू टाकायचा सोडून केस सारखे करत बसेल, अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, वजनदार चेंडू देऊ नका. तेही जाहिरातीत दिसतील, ‘वेग वाढवा’ म्हणून. सॉफ्टबॉलचा चेंडू मुळातच १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास असतो. माझ्याकडच्या एका मुलीला मी जड चेंडू दिले होते, ती चौदा वर्षांची होती. दोन महिन्यांत वेग वाढला आणि तिसऱ्या महिन्यात खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. तिला वेणी घालताना हात वर नेता येईना. तो हंगाम गेला. चूक माझी होती. खालून टाकायचं म्हणजे खांद्याला त्रास नाही, असा आपल्याकडे समज आहे, तो खोटा आहे. विंडमिलमध्ये खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूवर वरून फेकण्याइतकाच मोठा ताण येतो.

म्हणून मोजून टाका. घरच्या सरावात दिवसाला ५० ते ६० चेंडू, आठवड्यातून चार दिवस. सामन्यात ८० च्या पुढे गेली तर सरांना सांगून बाहेर काढा, दुसऱ्या दिवशी हात बंद. कोणीतरी तिला जपानच्या युकिको उएनोची गोष्ट सांगेलच. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळालं. गोष्ट खरी आहे. पण उएनो तेव्हा २६ वर्षांची होती आणि ते ऑलिम्पिक होतं. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तेरा वर्षांच्या पोरीचा खांदा पणाला लावायचा नसतो. तीच उएनो २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुन्हा सुवर्ण जिंकली, वयाच्या ३९ व्या वर्षी. एवढी वर्षं टिकली, ही गोष्ट तिला सांगा.

तुमची पाळी संध्याकाळी सुटते म्हणता. उजेड असेपर्यंतच करा, दोरे दिसायला हवेत. मार्चनंतर मात्र सकाळी सहाची वेळ धरा, संध्याकाळी जमीन भाजते आणि चेंडू घामाने निसटतो. सरावाआधी मैदानाला दोन फेऱ्या, खांदे मोकळे करणं, हे तिला शाळेत शिकवलं असेलच.

आणि चार वॉकबद्दल. ती जेवली नाही, म्हणजे तिला खेळ आवडतो. त्या सामन्याचा विषय घरात काढू नका, दोन आठवडे तरी.

फक्की मारून झाली की पहिल्या दिवशीच्या दहा चेंडूंनंतर जमिनीचा फोटो काढून मला पाठवा. वरून सरळ काढा, तिरका नको, आणि पायाच्या रेघेशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे मला माप कळेल. चेंडू कुठे गेले ते लिहू नका, मी फोटो बघून ओळखते का ते पाहू.